फॉर्मवर लिही, पाटीवर नको

पत्र

‘ताई, मी नाशिकची, उपयोजित कलेची पदवीधर. दिवसा एका इव्हेंटवाल्याकडे काम करते. लग्नांच्या एलईडी भिंती, प्रोजेक्शन मॅपिंग, नवरा-नवरीच्या एन्ट्रीचे व्हिज्युअल्स, सगळं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी माझं स्वतःचं काम. व्हिडिओ सोबत जोडलाय. भांडी बाजारातून जुनी तांब्या-पितळेची भांडी आणली, प्रत्येकाशेजारी एकेक सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की दांडा पुढे ढकलून ठोका देणारी कॉइल, बसवला. गंगापूर धरणातून गोदावरीत सोडलेल्या पाण्याचा क्युसेकमधला आकडा वाढला की भांडी वाजायला लागतात. आधी खालची घंगाळं, मग वरची पातेली, शेवटी तांबे.

आता एका प्रदर्शनाचा फॉर्म आलाय. त्यात रंगचित्र, शिल्प, मुद्राचित्र (ठशावरून छापलेलं चित्र), न्यू मीडिया असे रकाने आहेत आणि एकाच ठिकाणी खूण करायची आहे. मुंबईचा मित्र म्हणतो, “न्यू मीडिया आता कोण म्हणतं? तो प्रकार कधीच संपला. शिल्प म्हण, नाहीतर नुसतं समकालीन म्हण.” कॉलेजचे सर म्हणतात, हे सगळे तंत्राचे खेळ, वीज गेली की कला संपली. बाबा सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत, ते विचारतात, लोकांना सांगू काय, मुलगी करते काय? त्यात न्यू मीडियाच्या एका मास्टर्सला प्रवेश मिळतोय. दोन वर्षं, बाहेरगावी, कर्ज काढून. जो प्रकारच शिल्लक राहणार नाही त्यासाठी कर्ज काढू का?

— गोंधळलेली, इंदिरानगर’

उत्तर

प्रिय गोंधळलेली,

फॉर्मवर बिनधास्त ‘न्यू मीडिया’वर, म्हणजे व्हिडिओ, संगणक, यंत्रं यांवर चालणाऱ्या कलेच्या रकान्यावर, खूण कर. कामाशेजारी जी पाटी लागेल तिच्यावर मात्र तो शब्द घालू नकोस. तिथे कामाचं नाव, साल आणि साहित्य: तांबं, पितळ, सोलेनॉइड, गंगापूर धरणाच्या विसर्गाचे आकडे. बास. कर्जाचं पुढे बोलू.

आता मित्राचं. तो सांगतोय ती बातमी बरीच शिळी आहे. या प्रकाराचं तेरावं याआधीही घालून झालंय, आणि तेही भल्याभल्यांनी. लंडनच्या आयसीए या समकालीन कलेच्या संस्थेत १९६८ साली ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. संगणक आणि कला यांच्या नात्यावरची बहुतेक भाषणं त्याच प्रदर्शनापासून सुरू होतात. त्याच आयसीएने २००८ मध्ये आपला लाइव्ह आणि मीडिया आर्ट्सचा विभाग बंद केला. संचालकांनी कारण दिलं की या प्रकारात पुरेशी खोली नाही आणि आजच्या काळाची निकडही नाही. ज्या घरात बारसं झालं त्याच घरात चाळीस वर्षांनी तेरावं. त्यावर खूप आरडाओरडा झाला. पण ऑस्ट्रियातल्या लिंझचा आर्स इलेक्ट्रॉनिका हा याच कलेचा महोत्सव १९७९ पासून होता, तो पुढेही चालू राहिला. जर्मनीत कार्ल्सरुहला १९८९ साली उभी राहिलेली झेडकेएम ही संस्थाही आपल्या जागी आहे. म्हणजे मेला मेला म्हणून ओरड झाली तरी तेराव्याचं जेवण काही कुणाला मिळालेलं नाही.

तरीही मित्राचं अर्धं म्हणणं मला पटतं. बघणाऱ्याच्या दृष्टीने हा रकाना आता काहीच सांगत नाही. नलिनी मालानी यांनी १९६९ च्या सुमारास मुंबईत तरुणपणी आठ मिलिमीटरच्या फिल्मवर काम केलं, नव्वदीत फाळणीवरची ‘टोबा टेक सिंग’ची व्हिडिओ मांडणी केली, आणि या सगळ्या काळात चित्रंही काढली. त्यांना ‘न्यू मीडिया कलाकार’ म्हणून कोण ओळखतं? नलिनी मालानी म्हणूनच ओळखतात. शिल्पा गुप्ता यांनी एक काम इंटरनेटवर केलं, दुसरं मायक्रोफोनमधून, तिसरं भिंतीवर. त्यांचं काम बघायला जाणारा माणूस माध्यम विचारत नाही. आज पडदा, सेन्सर, प्रोजेक्टर ही कुणाची मक्तेदारी राहिलेली नाही. तुझ्या इव्हेंटवाल्याच्या गोदामात जेवढे प्रोजेक्टर असतील तेवढे कित्येक कलादालनांत नसतील. तेव्हा ‘हे यंत्रावर चालतं’ एवढ्यावरून कामाचा विषय कळत नाही, दर्जा तर नाहीच नाही.

मग रकाना ठेवायचा कशाला? मुंबईतलाच एक प्रसंग सांगते, तुझ्या मित्रालाही वाचायला दे.

अकबर पदमसी मोठे चित्रकार. त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली, त्या पैशातून त्यांनी १९६९ मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एकत्र बसून प्रयोग करत. मालानींची ती सुरुवातीची कामं तिथलीच. पदमसींनी स्वतः दोन छोट्या फिल्म केल्या. त्यातली दुसरी, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, आज अस्तित्वात नाही. प्रत एकच होती, ती प्रदर्शनासाठी पाठवली आणि हरवली. पुढे २०१६ मध्ये आशिम आहलुवालिया यांनी त्याच नावाची फिल्म केली, तीत म्हातारे झालेले पदमसी त्या हरवलेल्या फिल्मबद्दल बोलतात. आता विचार कर. त्याच माणसाचा त्याच वर्षीचा कॅनव्हास असता तर हरवला असता का? त्याला चौकट होती, विमा होता, मागच्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी होती, तो कुणाच्या तरी भिंतीवर किंवा वहीत नोंदलेला होता. फिल्म मात्र ना सिनेमावाल्यांची ना चित्रवाल्यांची. तिला रकानाच नव्हता, म्हणून ती कुणाच्या ताब्यातली वस्तूही नव्हती.

माझ्या मते ‘न्यू मीडिया’ या वर्गाला आज अर्थ आहे तो इथे. काम कशाबद्दल आहे हे तो सांगत नाही. त्याची निगा कोण राखणार, कशी राखणार, त्यासाठी कुणाला पगार द्यावा लागणार, हे सांगतो. मुद्राचित्रण हा वेगळा विभाग आपल्या कला महाविद्यालयांत इतकी वर्षं टिकला, तो काही मुद्राचित्रकारांचे विषय वेगळे असतात म्हणून नाही. लिथोचा दगड वेगळा, एचिंगचं ॲसिड वेगळं, प्रेस चालवणारा माणूस वेगळा, आणि आवृत्तीतला कितवा ठसा हे लिहिण्याची शिस्त वेगळी. वर्कशॉप वेगळं म्हणून विभाग वेगळा. ‘मुद्राचित्रण संपलं, आता सगळं समकालीन’ म्हणून विभाग बंद केला तर पहिल्या महिन्यात प्रेस गंजेल आणि दुसऱ्या महिन्यात भंगारात जाईल.

आणि नाशिककरांना हे परक्या उदाहरणांतून शिकायची गरजच नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके जे. जे.त शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग सगळं केलं. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत मटार लावून तो उगवताना एकेक फ्रेम टिपली आणि ती ‘अंकुराची वाढ’ भांडवलदाराला दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे केले. त्या वर्षी त्यांना कुठल्या रकान्यात बसवलं असतं? पुढे सिनेमा स्वतःच एक रकाना झाला. पण त्याची निगा राखणारी संस्था, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, निघाली १९६४ साली. फाळके नाशिकमध्ये वारले त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती आणि मूकपटांची बहुतेक रिळं नाहीशी झालेली होती. ‘राजा हरिश्चंद्र’चीही काही रिळंच उरली. रकाना उशिरा मिळाला की हे असं होतं.

यंत्रावरच्या कामाची निगा म्हणजे नेमकं काय, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण दक्षिण कोरियात आहे. नाम जून पाइक या व्हिडिओ कलाकाराने १९८८ साली तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ग्वाचनच्या इमारतीत ‘द मोअर द बेटर’ नावाचा १००३ टीव्हींचा मनोरा उभा केला. सगळे पिक्चर ट्यूबवाले. ट्यूब जळत गेल्या, बनवणारे कारखाने बंद झाले, २०१८ मध्ये सुरक्षेपायी मनोरा बंद करावा लागला. मग वाद: सपाट पडदे लावायचे की जुन्या ट्यूब शोधत हिंडायचं? शेवटी मिळतील तेवढ्या ट्यूब दुरुस्त केल्या, काही जुन्या खोक्यांच्या आत सपाट पडदे बसवले, आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा चालू झाला. झेडकेएममध्ये तर जुन्या व्हिडिओ यंत्रांसाठी वेगळी प्रयोगशाळाच आहे. दुसरीकडे, ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला आणि वीस-पंचवीस वर्षांची इंटरनेटवरची कामं ब्राउझरमध्ये एका झटक्यात मुकी झाली. त्यातली जी वाचली ती न्यूयॉर्कच्या रायझोमसारख्या संस्थांमुळे. ‘आम्ही हाच प्रकार सांभाळतो’ असं उघड म्हणणारं कुणीतरी होतं, म्हणून.

आता तुझ्या भांड्यांकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

व्हिडिओ मी हेडफोन लावून बघितला. डावीकडचं मोठं घंगाळ छान झंकारतं, पण त्याच्या शेजारचं नुसतं ठक् करतं. सोलेनॉइडचा दांडा ठोका देऊन मागे यायला हवा, तो भांड्याला टेकून राहतोय, त्यामुळे नाद जागच्या जागी दबतो. एकतर स्प्रिंग ढिली आहे किंवा करंट जरा जास्त वेळ जातोय. तसं असेल तर कॉइलही तापत असणार, हात लावून बघ. प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड बसवलायस ना? नसेल तर एखाद्या दिवशी आर्डुइनो, म्हणजे हे सगळं चालवणारा तो छोटा सर्किट बोर्ड, दगा देईल. आणि हे सगळं मला कशाला विचारतेस, घरात बाबा आहेत! सातपूरला मेंटेनन्समध्ये काम करणाऱ्या माणसाने रिले, कॉइल, स्प्रिंग यांत हयात घालवलेली असते. ‘मुलगी करते काय’ हा प्रश्न त्यांनी खाली बसून एक स्प्रिंग बदलली की अर्धा सुटेल. की तुला तो ‘ठक्’ मुद्दाम हवाय? हवा असेल तर तसं लिहून ठेव, नाहीतर बाबा कौतुकाने दुरुस्त करून टाकतील.

याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि तो तुझ्या पत्रात नाही. प्रदर्शनं भरतात हिवाळ्यात. हिवाळ्यात गंगापूरमधून पुराचा विसर्ग कुठला? तू खरोखर त्या त्या दिवसाचा आकडा घेणार असशील तर प्रदर्शनभर तुझी भांडी गप्प बसणार. सर येतील, गप्प भांडी बघतील आणि ‘बघ, सांगितलं होतं’ म्हणून चहा पिऊन जातील. तेव्हा ठरव. हे काम आत्ता वाहणाऱ्या नदीचं आहे की एका ठरावीक पुराचं? पुराचं असेल तर ऑगस्ट २०१९ चे आकडे जमव आणि तोच पूर रोज वाजव, कलादालनाच्या वेळेत बसेल असा आखडून. आत्ताच्या नदीचं असेल तर शांतता हा कामाचाच भाग आहे, आणि मग ते काम पावसाळ्यातच मांड, नाहीतर गप्प राहण्याची हिंमत कर. मला विचारशील तर मी आत्ताच्या नदीची बाजू घेईन. पण निर्णय तुझा, आणि हा निर्णय कलेचा आहे, तंत्राचा नाही. सरांना हे ऐकव.

सरांबद्दल मला राग नाही. शिवाजी तुपे यांच्यासारख्या जलरंगकारांचं हे गाव. रामकुंडावर बसून ओल्या कागदावर घाट उतरवायचा, चुकलं तर कागद फाडायचा, या शिस्तीत वाढलेल्या माणसाला बटण दाबून होणारी गोष्ट पोकळ वाटणारच. शिवाय न्यू मीडियाच्या नावाखाली खूप पोकळ माल खपवला गेलाय हेही खरं. तुम्ही हात हलवला की भिंतीवर फुलपाखरं उडतात! लहान मुलं खूश, आयोजक खूश, सेल्फी झाली, घरी गेले. ते मॉलमध्ये ठीक आहे. पण वीज गेली की कला संपली, हे तुझ्या कामाला लागू होत नाही. वीज गेल्यावरही तिथे भांडी उरतात. आणि ती साधी भांडी नाहीत. गोदेला मोठा पूर आला की ज्या भांडी बाजारात पाणी शिरतं तिथलीच ती आहेत. तिथला दुकानदार गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे नजर ठेवून माल वरच्या फळीवर हलवतो. पाणी मारुतीच्या पायाला, कमरेला, छातीला, गळ्याला. क्युसेक नाशिककराला नंतर कळला, पूर तो मारुतीच्या अंगावरच मोजतो. तुझी भांडी खालून वर वाजतात ती त्याच हिशोबाने, हो ना? म्हणून म्हटलं, पाटीवर ‘न्यू मीडिया’ लिहू नकोस. तो शब्द वाचला की माणूस वायर शोधायला लागतो. नुसती भांडी दिसू दे. नाशिकच्या माणसाला दोन मिनिटांत कळेल, आणि बाबांनाही लोकांना सांगता येईल: गोदेला पूर आला की वाजणारी भांडी करते माझी मुलगी.

मित्र ‘शिल्प’ म्हण म्हणतो, ते मात्र करू नकोस. शिल्पाच्या रकान्यात गेलीस की तुला एक चौथरा मिळेल आणि चार फुटांवर एक प्लग. परीक्षक ते बंद अवस्थेत बघतील, कारण शिल्प चालू करायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार नाही. ‘न्यू मीडिया’त निदान तांत्रिक गरजांचं पान असतं. शिवाय त्या रकान्यातून दारं उघडतात. मुंबईच्या अशोक सुकुमारन यांना २००७ साली आर्स इलेक्ट्रॉनिकाचा गोल्डन निका हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो इंटरॅक्टिव्ह आर्ट या विभागात. काम त्यांचंच, पण विभाग नसता तर ते कुठल्या टेबलावर गेलं असतं?

पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये ‘एआय आर्ट’ असा नवा रकाना आला तर हुरळून जाऊ नकोस. मार्च २०२१ मध्ये बीपल या अमेरिकन कलाकाराची एक डिजिटल फाइल क्रिस्टीजच्या लिलावात ६.९ कोटी डॉलरला गेली तेव्हा जो तो एनएफटी (डिजिटल मालकीचा दाखला) कलाकार झाला होता. आज त्यातले किती जण तसं सांगतात बघ. एका यंत्राच्या नावाने काढलेला रकाना त्या यंत्राबरोबर जातो. ‘न्यू मीडिया’ ढोबळ आहे, जरा वेंधळाही आहे, पण त्याच्यात पिक्चर ट्यूबही मावते आणि तुझं सोलेनॉइडही.

मास्टर्सचं. अभ्यासक्रमाचं नाव टिकेल की नाही यावरून कर्ज ठरवू नकोस. नावं बदलतात, पदवी राहते. प्रवेश घेण्याआधी एकदा तिथे जा आणि एकच गोष्ट मागून घे: तीन-चार वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचं एखादं काम आत्ता चालू करून दाखवा. दाखवलं, तर तिथे वर्कशॉप आहे, तंत्रज्ञ आहे, नोंदी ठेवायची सवय आहे, कर्ज काढ. कपाट उघडून ‘त्याचा ॲडॉप्टर कुठेतरी होता’ असं सुरू झालं, तर नमस्कार करून परत ये. त्या पैशातल्या थोड्या भागात तुझं स्वतःचं वर्कशॉप उभं राहील. लग्नाचं काम चालूच ठेव आणि त्याची लाज बाळगू नकोस. भर पावसात मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर एलईडी भिंत चालू ठेवणाऱ्या मुलीला कलादालनातला प्रोजेक्टर काय घाबरवणार? २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, तेव्हा पडद्यांची कामं वाढतील. दर आत्ताच वाढवून घे.

फॉर्म भरताना तांत्रिक गरजांचं पान रिकामं सोडू नकोस, निवड बऱ्याचदा तिथेच होते. रोज सकाळी चालू आणि संध्याकाळी बंद कुणी करायचं ते लिही. नेट नसेल तर भांडी कुठल्या साठवलेल्या आकड्यांवर वाजतील ते लिही. दोन सुट्या सोलेनॉइड आणि एक जादा पॉवर सप्लाय तू देणार, तेही. काय बदललं तर चालेल आणि काय नाही, याचं एक वेगळं पान जोड: सोलेनॉइड कुठल्याही कंपनीचा चालेल, आर्डुइनोऐवजी दुसरं काही चालेल, भांडं बदललं तर चालणार नाही, असं जे तुझं असेल ते. मानधनात देखभालीची वेगळी ओळ घाल. कापली तर कापू देत, पण मागितलेली दिसली पाहिजे. आणि जागा बघायला जाशील तेव्हा बाबांना घेऊन जा, टेस्टर खिशात ठेवायला सांग. जुन्या सभागृहांत अर्थिंगची बोंब असते, आणि तुझ्या कामात सगळं तांबं आणि पितळ आहे.

— ताई